पोराची कंपनीत मुलाखत आहे? मग हे वाचाच

हल्ली गावोगावी एक तरी घर असे सापडते, जिथला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर झाली आहे आणि पुण्या-बंगळूरच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहते आहे. फीसाठी कुणी बँकेचे कर्ज काढले, कुणी दावणीची जनावरे विकली. त्यामुळे ही मुलाखत एकट्या पोराची राहत नाही, सगळ्या घराची होते. तिथे नेमके काय चालते, हे मात्र घरात फारसे कुणाला ठाऊक नसते.

आधी परीक्षा, मग मुलाखत

मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसचेच उदाहरण घ्या. नव्या पदवीधरांसाठी ही कंपनी संगणकावर देशपातळीवरची परीक्षा घेते. गणित, तर्क, इंग्रजी आणि प्रोग्रॅम लिहिणे असे तिचे भाग आहेत. त्यातून तरलेल्यांनाच मुलाखत. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसची रीतही साधारण अशीच आहे. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के हवेत, अशी अट अनेक कंपन्या घालतात. म्हणजे दहावीत केलेली हयगय थेट नोकरीच्या दारात आडवी येते, हे धाकट्या पोरांनाही सांगून ठेवा.

विचारतात काय?

मुलाखतीत एक भाग विषयाच्या ज्ञानाचा आणि दुसरा माणूस पारखण्याचा. 'स्वतःबद्दल सांगा' इथून सुरुवात होते. मग एखादा छोटा प्रोग्रॅम कागदावर लिहायला लावतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर तर हमखास गाडी येते. जाऊन आलेली मुले सांगतात, की विकत आणलेला प्रोजेक्ट इथेच उघडा पडतो. 'यात तू स्वतः काय केलेस?' या एका प्रश्नावर बोबडी वळते. उलट, घरच्या ठिबकसाठी मोटार चालू-बंद करणारे साधे यंत्र स्वतः जुळवलेला मुलगा त्यावर तासभर बोलू शकतो.

इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते. पण फर्डे इंग्रजी लागत नाही. लहान, सरळ वाक्ये चालतात. येत नसेल तर 'येत नाही' म्हणावे. थाप मारली, की पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो.

परगावी जाल का, रात्रपाळी कराल का, हेही विचारतात. विशेषतः मुलींच्या बाबतीत हा निर्णय घरात आधीच बसून घ्या. ऐनवेळी 'वडिलांना विचारून सांगते' म्हणण्याची पाळी तिच्यावर आणू नका.

सरपंच, ग्रामसेवकांनो, तुमच्यासाठी

आता पुष्कळ मुलाखती घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर होतात. ऐन मुलाखतीत लाइट गेली किंवा रेंज तुटली तर पोराच्या कष्टावर पाणी पडते. भारतनेटची लाइन पंचायतीत पोचली असेल, तर त्या दिवशी दोन तास एक शांत खोली द्या. निवडीनंतर कागदपत्रांची तपासणी होते. गुणपत्रिका, आधार आणि पॅन यांवरचे नाव जुळत नसेल, तर ते आधीच दुरुस्त करून घ्या.

पैसे मागितले, की सावध!

भली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. 'आतली ओळख आहे, दोन लाख द्या' म्हणणारा दलाल बांधावरही उभा करू नका. नियुक्तीचे पत्र आले तरी ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पडताळून घ्या.

पत्र खरे असले, तरी हाती पगार पडेपर्यंत नवे कर्ज काढू नका. २०२२ साली निवड झालेल्या अनेक मुलांना रुजू होण्यासाठी महिनोन्महिने ताटकळावे लागले, काहींना तर दोन वर्षे. पत्रातला वर्षाचा आकडा म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे. भविष्यनिर्वाह निधी वगैरे त्यातूनच जातो. नोकरी लवकर सोडल्यास भरपाईची अट आहे का, तेही सहीपूर्वी वाचा.

आणि पहिल्या खेपेला जमले नाही, तर पोराला बोल लावू नका. पहिला पाऊस दगा देतो, तेव्हा आपण दुबार पेरणी करतोच की! कुठे अडले ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढच्या मुलाखतीचे बियाणे तेच.