देहाचे दफ्तर

भाईंदरच्या पूर्वेस, वसईच्या खाडीला लागून वसलेल्या जेसल पार्कमध्ये पावसाळा ओसरू लागला म्हणजे दवाखान्यांतून तापाच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. आणि एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच गर्दीच्या लोकलने मुंबईस जाणाऱ्या माणसांपैकी कोणी आठवडाभर अंथरुणास खिळतो, कोणाचे दोन दिवसांच्या कणकणीवर भागते, तर कोणाला आपल्या देहात जंतू शिरून नाहीसा झाला याची वार्ताही नसते. हा भेद दैवाच्या खात्यावर टाकण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु प्रत्येकाच्या देहाने आजवर कोणते जंतू पाहिले आणि त्यांपैकी कोणते लक्षात ठेवले, यातच त्याचे पुष्कळसे उत्तर दडलेले असते.

जंतूला पहिला अटकाव होतो तो त्वचेचा, नाकाघशातील चिकट स्रावाचा आणि जठरातील तीव्र आम्लाचा. एवढे ओलांडून जो आत येतो त्याची गाठ पडते भक्षक पेशींशी. 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यास दिसला. आपल्या जखमेत साठणारा पू म्हणजे बव्हंशी अशाच श्वेत पेशींचे अवशेष होत. आणि ज्वर, ज्याला आपण रोग समजून घाबरतो, तोही पुष्कळ वेळा जंतूंची वाढ मंदावावी व पेशींना वेग यावा म्हणून देहाने स्वतःच चढविलेला असतो.

ही पहिली फळी तत्पर असली, तरी कालच्या जंतूला आज ओळखण्याचे काम तिचे नव्हे. ते काम चालते लसिका ग्रंथींत. पायाला जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. त्या गाठीत काय घडते हे मात्र विसाव्या शतकात उलगडले. जखमेपाशी जंतूचे तुकडे उचलून काही पेशी या ग्रंथीत येतात आणि तेथे वास करणाऱ्या असंख्य लिम्फोसाइट पेशींपुढे ते मांडतात. या पेशींपैकी प्रत्येकीची पारख निराळी, आणि ती जन्मतःच ठरलेली. जिची पारख त्या तुकड्याशी जुळते तीच तेवढी विभागत जाते, आणि ती बी-पेशी असल्यास तिचे वंशज प्रतिपिंडे निर्माण करून जंतूला जखडतात, तर टी-पेशी असल्यास तिच्या वंशजांपैकी काही, विषाणूने बळकावलेल्या आपल्याच पेशींचा नाश करतात. या साऱ्याला पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि रोगी दगावतो तो बहुधा या मुदतीत. जो तरतो त्याच्या देहात मात्र काही स्मृतिपेशी वर्षानुवर्षे टिकून राहतात. एखाद्या जुन्या कचेरीत गुन्हेगाराचे वर्णन दफ्तरी नोंदलेले असावे आणि तो पुन्हा शहरात येताच शिपाई त्याच्या दारी हजर व्हावा, तसा हा प्रकार आहे.

ही नोंद रोगाची किंमत न देता करून घेणे म्हणजे लस. आपल्या इलाख्यात तिचा आरंभ झाला 14 जून 1802 रोजी, जेव्हा मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि तिच्या फोडातील द्रवापासून पुढे इतर मुलांना ती मिळत गेली. परंतु या विषयात मुंबईचे नाव ज्याने जगात नेले तो वाल्डेमार हाफकिन. हा मेचनिकॉफचाच शिष्य. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, शहर ओस पडू लागले, आणि ऑक्टोबरात आलेल्या हाफकिनला ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एक खोली व एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्याने मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण तो तरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली, आणि टोचलेल्यांत रोग व मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 साली गेलेली त्याची प्रयोगशाळा 1925 पासून त्याच्याच नावाने ओळखली जाते. स्वतःच्या देहावर पहिला प्रयोग करणाऱ्या या परदेशस्थाचे ऋण महाराष्ट्राने याहून अधिक आदराने स्मरावयास हवे, असे मला मनापासून वाटते.

सर्व स्मृती सारख्या टिकाऊ नसतात. गोवर एकदा झाला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. हाफकिनच्या लशीचे संरक्षण मात्र काही महिन्यांचेच होते. आणि क्वचित स्मृतीच घातक ठरते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला पुरते जखडू शकत नाहीत, उलट त्यास पेशींत शिरण्याचा मार्ग सुकर करतात, आणि म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू पुष्कळदा अधिक उग्र असतो. जेसल पार्कसारख्या दाट वस्तीत हा विषाणू पसरविणारे डास वाढू नयेत यासाठी गच्चीवरील टाकी झाकलेली व कुंडीखालची ताटली कोरडी ठेवणे म्हणूनच औषधाइतके मोलाचे आहे.

गोवराची गोष्ट याहून गंभीर. त्याचा विषाणू स्मृतिपेशींवरच आघात करतो, आणि गोवरातून उठलेले मूल पूर्वी कमावलेली इतर रोगांविरुद्धची शक्तीही काही अंशी गमावून बसते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली, आणि बालके दगावली. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. ती प्रतिपिंडे ओसरत जातात आणि लस अद्याप मिळालेली नसते, अशा मधल्या काळात तान्ह्या मुलाचे रक्षण करतात ती भोवतालची लस घेतलेली माणसे. शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जणांच्या अंगी प्रतिकारशक्ती असेल तरच गोवराची वाट अडते.

पहिली मात्रा देऊन निश्चिंत झालेले पालक दुसरी विसरतात. ती सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते, आणि सरकारी व महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत तिला पैसे पडत नाहीत. आपल्या घरात, शेजारी, अथवा कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी या वयाचे मूल असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आज काढून पाहा, आणि दुसऱ्या मात्रेची जागा कोरी असल्यास याच आठवड्यात त्यास केंद्रावर घेऊन जा.