पेठेचा संघ आणि घरातली पोरं

घराण्याकडून मुलांकडे काय काय येतं, मैत्रिणींनो? आडनाव येतं, कुलदैवत येतं, आजीच्या हातच्या मसाल्याचं प्रमाण येतं, आणि एखाद्या घरात आजोबांचा तापटपणाही येतो! कोल्हापुरात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ती म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ. पोर अजून धड चालायला लागलेलं नसतं, तोच त्याच्या अंगात संघाची जर्सी चढते आणि “आपला संघ कुठला रं?” या काकाच्या प्रश्नाला ते बोबड्या बोलात उत्तरही देऊ लागतं.

हे वेड पुरुषांचं, त्यात आपलं काय, असं पुष्कळ जणींना वाटतं. पण जर्सी धुते कोण? सामना सुटल्यावर पोर घरी येईपर्यंत दाराशी येरझाऱ्या घालते कोण? तेव्हा मुलाच्या मनात संघाबद्दल काय रुजतं आहे, याकडे आईनंही लक्ष द्यायला हवं.

तालमीतून मैदानात

कोल्हापूरची तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून झालं, आणि पेठापेठांतल्या तालमी नावारूपाला आल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉललाही आपलं म्हटलं. म्हणून तर इथल्या संघांची नावं तालमींची आणि मंडळांची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही त्यांतली काही. प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हीही तितक्याच ओळखीची. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते.

गणपती बसवणारं मंडळ तेच, अडीअडचणीला धावून येणारी पोरं तीच आणि मैदानात खेळणारीही त्यांच्यातलीच. अशा ठिकाणी संघ निवडावा लागत नाही. तो घराच्या पत्त्याबरोबरच मिळतो. म्हणूनच आजोबा, वडील आणि नातू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेजारी बसलेले दिसतात. एरवी ज्या आजोबा-नातवाला एकमेकांशी बोलायला विषय सापडत नाही, त्यांना इथे बोलणं पुरत नाही. मोबाईलच्या दिवसांत ही काही थोडीथोडकी मिळकत नव्हे!

सासर एकीकडे, माहेर दुसरीकडे

आता खरी गंमत आपल्या बाजूची. मुलगी मंगळवार पेठेतली आणि दिली शिवाजी पेठेत, तर तिनं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? सामन्याच्या दिवशी भाऊ एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या बाजूला. अशा घरात थट्टा-मस्करीला ऊत येतो. जावईबापूंचा संघ हरला की मेहुणे मुद्दाम चहाला येतात!

थट्टा थट्टेपुरती राहिली तर हे घर भाग्याचंच म्हणायचं. कारण अशा घरातल्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळते, की समोरच्या संघाच्या गर्दीत आपला मामा बसला आहे. ज्या गर्दीत मामा आहे, त्या गर्दीवर दगड कसा टाकणार? माहेरचा संघ मनातून पुसून टाकू नका. मुलांना सांगा, “मी त्या संघाची आहे, तुम्ही या संघाचे, आणि जेवायला मात्र सगळे एकाच पंगतीत.”

कोलकात्याच्या घरांतही हेच

हे वेड आपल्याकडेच आहे असं नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही दोन नावं नुसती घ्या, घराचे दोन तट पडतात. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्यानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ नं हरवून शिल्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. ईस्ट बंगाल १९२० चा. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी त्याला जीव लावला. घरदार, जमीनजुमला मागं टाकून आलेल्यांना नव्या शहरात आपलं म्हणायला तो संघ होता. तो विजयी झाला की घरात हिलसा मासा शिजतो, मोहन बागान विजयी झाला की कोळंबी. जी सून एका तटातून दुसऱ्या तटात जाते, तिला दोन्ही शिजवता यायला हवं!

पण याच कोलकात्यानं एक काळा दिवसही पाहिला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ते कुणाचे मुलगे होते, कुणाचे भाऊ होते. सामना पाहून येतो म्हणून घरातून निघालेले.

आणि त्याच शहरातली दुसरी आठवण ऑगस्ट २०२४ ची. इस्पितळात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर पेटून उठलं. १८ ऑगस्टला ठरलेला या दोन संघांचा सामना बंदोबस्ताच्या कारणानं रद्द झाला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे आपापल्या जर्सी घालून स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीसाठी एका सुरात न्याय मागू लागले. जन्माचे प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. निष्ठा तीच, शहर तेच. पण एकदा तिनं माणसं गिळली आणि एकदा तिनं माणसं जोडली. आपल्या मुलांना यातलं कुठलं द्यायचं?

निष्ठा आणि वैर

कोल्हापुरातही चुरशीच्या सामन्यांत शिवीगाळ, हुल्लडबाजी, हाणामारी झालेली आहे, आणि बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही. तरुण पोराच्या नावावर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, तर त्याची झळ पुढं नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीला किंवा पासपोर्टच्या वेळी लागते. पाच मिनिटांचा राग आणि वर्षानुवर्षांचे हेलपाटे!

पोरं शिव्या पोटातून शिकून येत नाहीत. मोठ्यांच्या तोंडून ऐकतात. घरात “त्या पेठेतली माणसंच तसली” असं बोललं गेलं, की सात वर्षांचं पोर ते गाठीला बांधतं. आणि खरं पाहाल तर दर हंगामाआधी खेळाडूंची नव्यानं नोंदणी होते, कित्येक जण संघ बदलतात. गेल्या वर्षी ज्याला डोक्यावर घेतलं तो यंदा समोर उभा असतो! मग द्वेष नेमका कुणाचा करायचा? मुलाला हा एवढाच प्रश्न विचारून पाहा.

आईनं काय करावं?

• एकदा तरी मुलाबरोबर सामन्याला जा. खेळातलं कळलं नाही तर त्यालाच विचारा. आईला समजावून सांगताना मुलाची कळी खुलते.

• लहान मुलाला गर्दीत नेताना चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते आधी ठरवा आणि घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

• ऐन हंगामात दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. सगळेच सामने बंद केले तर पोर चोरून जाईल. कुठले पाहायचे आणि कुठले सोडायचे ते दोघांनी मिळून आधीच ठरवा.

• संघ हरला त्या दिवशी टोमणे नकोत आणि उपदेशही नको. गरम जेवण वाढा. आपोआप बोलू लागतो.

• घरात समोरच्या संघातल्याही एखाद्या चांगल्या खेळाडूचं नाव कौतुकानं घ्या. मुलं तेही उचलतात.

• जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा, उन्हात कडक वाळवू नका आणि छापील नावावर इस्त्री फिरवू नका. एवढ्या सांभाळानं ती धाकट्यालाही येते.

आणि मुली?

आतापर्यंत आपण मुलांचंच बोललो. पण संघाचा वारसा मुलींचाही आहे. २०१७ च्या अखेरीस भारतीय महिला लीगचे पात्रता सामने कोल्हापुरात झाले आणि २०१९ मध्ये कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ देशपातळीवर त्या लीगमध्ये खेळला. तेव्हा भाऊ बूट बांधू लागला आणि बहीणही बूट मागू लागली, तर “मुलीच्या जातीला हे कशाला?” असं म्हणू नका. तिला निदान स्टेडियमच्या पायरीवर तरी आजोबांच्या शेजारी जागा द्या.

संघावरचं प्रेम मुलांना द्यायचं ते दागिन्यासारखं, घासूनपुसून द्या. त्यावर बसलेली वैराची काजळी मागच्या पिढीची आहे. ती पुसायचं काम आपल्याकडे आलंय, आणि काजळी काढण्यात आपला हात कोण धरणार?