खासगी किल्लीमागचे बाकीचे गणित

इलिप्टिक कर्व्हवर आधारलेल्या कूटलेखनात खासगी किल्ली म्हणजे एक प्रचंड पूर्णांक असतो, ज्याला स्केलर म्हणतात. वक्रावरील ठरावीक बिंदू तितक्या वेळा स्वतःत मिळवला की सार्वजनिक किल्ली मिळते. ही बेरीज एका ठरलेल्या मूळ संख्येइतक्या पायऱ्यांनंतर पुन्हा आरंभाला येत असल्यामुळे स्केलरांचे सारे गणित त्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर चालते, आणि अशा बाक्यांच्या संचाला सांत क्षेत्र म्हणतात. ती संख्या १३ मानली, तर ९ आणि ७ यांची बेरीज ३ होते. ५ ने भागणे म्हणजे ८ ने गुणणे ठरते, कारण ५ गुणिले ८ म्हणजे ४० आणि ४० ची बाकी १.

बिटकॉइनच्या वक्रासाठी ही संख्या २५६ बिटांची आहे, त्यामुळे ६४ बिटांच्या प्रोसेसरवर लायब्ररी स्केलरचे सहसा चार तुकडे करते आणि हातचे पुढे नेत जाते.

खरी कसोटी वेळेची आहे. बेरीज मर्यादेबाहेर गेली तरच वजाबाकी करणारी आज्ञावली गणिताने बिनचूक असली, तरी तिला लागणारा कमी-अधिक वेळ मोजून किल्लीचा सुगावा लागू शकतो. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली लायब्ररी वजाबाकी प्रत्येक वेळी करते, मग तिचे उत्तर टाकून द्यावे लागले तरी चालेल, आणि हे वाढीव श्रम सर्वस्वी योग्यच आहेत. याशिवाय, ईसीडीएसए पद्धतीच्या प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवा गुप्त स्केलर लागतो. तोच दोन निरनिराळ्या संदेशांसाठी वापरला गेला, तर खासगी किल्ली दोन समीकरणे सोडवून काढता येते.