रंगाचा वास आणि कायद्याची मर्यादा

शाबान लागला की आपल्या घरांत साफसफाईचा विषय निघतो. रमजानपूर्वी भिंतींना रंग, दारे-ग्रिलना ऑइल पेंट, जुन्या कपाटाला पॉलिश. चारकोपमध्ये हे काम साऱ्या गल्लीला कळते. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने येथे लहान लहान भूखंड पाडून वसाहत वसवली. घराला घर लागून आहे. एका घरी थिनरचा डबा उघडला की वास शेजारच्या घरांत शिरतो.

हा वास म्हणजे रंग पातळ ठेवणारी द्रव्ये हवेत उडून जाणे. टर्पेंटाइन, थिनर, पॉलिश आणि डाग काढायची काही द्रावणे यांतून ती उडतात. शास्त्रात त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, थोडक्यात व्हीओसी म्हणतात. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. बाहेर गेल्यावरही ती संपत नाहीत. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड आणि ऊन मिळाले की त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो.

सर्वांत जास्त सोसतो तो पेंटर. आपण चार दिवस वास घेतो, तो वर्षभर घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच पेंटरच्या व्यवसायाची नोंद कर्करोगकारक म्हणून केली. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुले याच कामावर आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवत नाही.

यावर कायद्याने फरक पडतो का? शिशाचे उदाहरण पाहा. रंग चमकदार व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून त्यात शिसे घालत. भिंतीचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या पोटात जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होई. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून तो लागू झाला. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालणार नाही आणि तसे डब्यावर छापलेही पाहिजे. स्वस्त डब्यालाही तोच नियम.

उडणाऱ्या द्रव्यांसाठी मात्र अशी सक्तीची मर्यादा आपल्याकडे नाही. कमी वासाचे रंग मिळतात, पण ते घेणे न घेणे खिशावर सोडले आहे. युरोपीय संघाने २००४ मध्ये नियम केला. आतल्या भिंतींच्या मॅट रंगासाठी २०१०पासून लिटरमागे ३० ग्रॅम ही कमाल मर्यादा ठरली. तेथील कारखान्यांनी पाण्यात मिसळणारे रंग पुढे आणले. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली, पत्र्याचे कुंपण आणि पाण्याची फवारणी सक्तीची केली. धुळीबाबत जे जमले, ते रंगाच्या वाफेबाबतही जमायला हवे.

कायदा येईपर्यंत आपल्या हाती काय आहे? भिंतींना पाण्याचा इमल्शन रंग घ्यावा, ऑइल पेंट फक्त लोखंड-लाकडापुरता ठेवावा. फरशीवरचे रंगाचे थेंब थिनरने पुसण्यापेक्षा ओले असतानाच पाण्याने पुसावेत. थिनरचे झाकण लगेच लावावे, उरलेले गटारात ओतू नये. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ गॅस पेटवू नये. तान्ही मुले आणि गरोदर बायका यांची झोपायची सोय दुसरीकडे करावी.

सोसायटी किंवा मशिदीचे रंगकाम निघाले की ठेकेदाराच्या करारात कमी व्हीओसीचा रंग आणि पेंटरसाठी वाफ अडवणारा मास्क, या दोन अटी लिहून घ्याव्यात. सोसायटीच्या ठरावाची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एक आपल्या खासदारांना पाठवावी. शिशाचा नियम दिल्लीत झाला, तसा हाही तेथेच व्हायचा आहे. मागणी मात्र आपल्यासारख्या घरांतूनच जायला हवी.