विकला नाही म्हणून तोटा नाही?

आयटीचे शेअर कोसळले की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘विकलंच नाही, तर तोटा कसला? तो फक्त कागदावरचा!’ मित्र सांगतात, नातेवाईक सांगतात, सल्लागार म्हणवणारेही ठणकावून सांगतात. हे आता थांबायला हवं. भाव पडला त्याच दिवशी तोटा झालेला असतो. विकल्यावर प्राप्तिकराच्या हिशेबात त्याची नोंद होते, एवढंच. लाखाच्या शेअरचे आज चाळीस हजार येत असतील, तर तुमच्याकडे चाळीस हजारच आहेत. खरेदीचा भाव तुम्हाला आठवतो, बाजाराला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

यावर उत्तर येतं, ‘थांबलं की भाव परत येतोच.’ अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये 5,048 वर होता. ऑक्टोबर 2002 मध्ये तो 1,114 पर्यंत घसरला आणि जुनी पातळी ओलांडायला एप्रिल 2015 उजाडला. शिवाय निर्देशांकातून बुडीत कंपन्या वगळल्या जातात, नव्या येतात. तुमच्या डीमॅट खात्यातली बुडीत कंपनी तिथेच पडून राहते. पेट्स डॉट कॉम ही इंटरनेट कंपनी फेब्रुवारी 2000 मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळून मोकळी झाली. तिथे संयम काय कामाचा? ॲमेझॉन 90 टक्क्यांहून अधिक पडून सावरली, हे खरं. पण न सावरलेल्यांची नावं कोण घेतं?

अर्थशास्त्रज्ञ टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली. 1998 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात. पुढच्या वर्षभरात मात्र विकून टाकलेल्या शेअरनीच सरासरीने जास्त परतावा दिला. म्हणून घाबरून सगळं विका, असं मी म्हणत नाही. प्रत्येक शेअरबाबत एवढंच विचारा: तेवढी रोकड आज हातात असती, तर हाच शेअर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठेवायचं कारणही उरत नाही.

अशीच आणखी काही वाक्यं कानावर येतात. ‘50 टक्के पडला, 50 टक्के चढला की बरोबरी.’ नाही, 100 टक्के चढावा लागतो.

‘पडल्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज केलं की तोटा कमी होतो.’ सरासरी भाव खाली येतो, झालेला तोटा तेवढाच राहतो.

‘ऑप्शन्समध्ये भरून काढू.’ सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला.

‘तोट्यात विकून काय मिळणार?’ विवरणपत्र मुदतीत भरलं, तर तो तोटा पुढची 8 वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पगारातून नाही.

आयटीत नोकरी करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. पगार आणि पुंजी दोन्ही एकाच क्षेत्रावर उभी असली, तर मंदीत दोन्ही एकदम हलतात. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला काढा. आणि तोट्याचा खरा आकडा घरात सांगा. एकट्याने तो लपवत बसू नका.