पुण्यातील फुलांचा व्यवसाय

महात्मा जोतीराव फुले यांचे मूळचे गोऱ्हे घराणे पेशव्यांना फुले पुरवीत असे, इतकी पुण्यातील या व्यवसायाची परंपरा जुनी आहे. आज त्यात उतरणाऱ्याची खरी शाळा म्हणजे गुलटेकडी मार्केट यार्डातील फूलबाजार. तेथे झेंडू-शेवंतीसारखी सुटी फुले किलोवर, तर मावळातील हरितगृहांमधले गुलाब व जरबेरा, म्हणजे लांब दांडीसह तोडलेली फुले, गड्डीवर विकली जातात. अशी दांडी पाण्यात बुडवून तिरकी कापावी, कारण तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी वर चढत नाही आणि फूल मान टाकते. पुष्परचना सरावाने जमते; मात्र गणपतीत चढणारा व पितृपक्षात उतरणारा भाव ओळखून, नासाडी धरून किंमत सांगणे हौशी कलाकारांना सहसा अवघड जाते.