जेरुसलेमहून : उंटाचं काय करायचं?

भारतातून इथे येणाऱ्या पाहुण्याला दोन-तीन दिवसांत ज्यू खाण्यापिण्याचे नियम कळतात आणि मग तो स्वतःच त्यांचा उलगडाही करून टाकतो. "उष्ण प्रदेश, तेव्हा फ्रीज नव्हते, डुकराचं मांस लवकर नासतं. म्हणून बंदी. किती शास्त्रीय!" प्रत्येक रूढीमागे शास्त्रीय कारण शोधायची आपली हौस विमानातून सोबत येते. या बाबतीत तिला मोठा पूर्वजही आहे. बाराव्या शतकात कैरोत वैद्यकी करणारा तत्त्वज्ञ मायमोनिदीस याने डुकराचं मांस अपायकारक आणि तो प्राणी घाणेरडा असल्याचं लिहून ठेवलं आहे.

अडचण होते ती उंटाची. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या तिसऱ्या भागातल्या अकराव्या अध्यायात डुकराच्या पंगतीला उंट आणि ससाही बसवलेले आहेत. शेजारचे बेदुइन उंट आवडीने खातात आणि ठणठणीत असतात. डुकराच्या मांसातल्या कृमींचा माणसाच्या आजाराशी संबंध १८६०च्या सुमारास जर्मनीत सिद्ध झाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्याला तो कळला असेल, हे मानायला फारच उदार मन हवं.

इथल्या पुरातत्त्वज्ञांना हाडांनी वेगळीच गोष्ट सांगितली आहे. इसवीसनपूर्व बाराव्या-अकराव्या शतकातल्या डोंगराळ वस्त्यांमध्ये डुकराची हाडं जवळजवळ सापडत नाहीत. किनारपट्टीवरच्या एक्रोन, अश्कलोन या पलिष्ट्यांच्या शहरांत ती भरपूर मिळतात. दोन्हीकडचं ऊन सारखंच, फरक शेजाऱ्यांतला. 'ते खातात, आपण खात नाही' ही ओळख आधी तयार झाली आणि तिचा नियम नंतर लिहिला गेला, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही ते पटतं. पण हाडंसुद्धा सरळ साक्ष देत नाहीत. जुन्या जेरुसलेमच्या उत्खननात आठव्या शतकातल्या (अर्थात इसवीसनपूर्व) एका घरात, पडझडीत मडक्यांच्या मध्ये चिरडलेला डुकराचा अख्खा सांगाडा मिळाला. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर कुणीतरी डुक्कर पाळत होतं.

परंपरेच्या हिशेबाने तोरातल्या आज्ञा एकूण ६१३. त्यांतल्या 'कर' म्हणणाऱ्या २४८ आणि 'करू नको' म्हणणाऱ्या ३६५. रोमनांनी इसवी सन ७०मध्ये मंदिर पाडल्यावर त्यांतल्या पुष्कळशा आपोआप निकामी झाल्या. रब्बींनी त्यांचे दोन ढीग केले आहेत. चोरी, खून, वजनमापातली लबाडी यांसारख्या, कुणाही शहाण्याला सुचतील अशा आज्ञा एकीकडे. लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं कापड नको, यासारख्या कारण न देणाऱ्या दुसरीकडे. कारण का दिलं नाही, याचं तालमूदमधलं, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातलं, उत्तर मला फार आवडतं. राजाने फार बायका करू नयेत, त्याचं मन बहकेल, अशी सकारण आज्ञा होती. सॉलोमन म्हणाला, मी बायका करीन आणि बहकणारही नाही. तो बहकला. कारण सांगितलं की हुशार माणूस त्यातून वाट काढतो, एवढं त्या रब्बींना पक्कं ठाऊक होतं.

हे सगळ्यांत लख्ख दिसतं ते सातव्या वर्षाच्या आज्ञेत. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, आपोआप उगवेल ते गोरगरिबांना खुलं ठेवायचं आणि कर्जं सोडून द्यायची. हेतू उघड आहे: जमीन आणि पैसा चार घरांत साठू नये. याहून सेक्युलर आज्ञा शोधून सापडायची नाही. झालं काय, तर सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेऊ लागले. तसं करू नका, अशी तंबी खुद्द तोरातच आहे. ती कुणी जुमानली नाही. अखेर इसवीसनपूर्व पहिल्या शतकात हिल्लेल या आचार्याने तोड काढली: कर्जाची वसुली न्यायमंडळाच्या नावे करून द्यायची. कर्ज खाजगी उरत नाही, म्हणून बुडतही नाही. या कागदाला 'प्रोझबुल' म्हणतात. कर्जमाफी गेली, पण गरजूला पुन्हा कर्ज मिळू लागलं. मी हिल्लेलच्या बाजूचा. कर्जमाफीच्या बातम्या वाचत वाढलेल्या मराठी माणसाला त्याची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जमिनीचीही अशीच तोड निघाली. १८८८-८९मध्ये, नव्याने वसलेल्या ज्यू शेतकऱ्यांवर उपासमारीची पाळी येऊ नये म्हणून, काही रब्बींनी जमीन वर्षभरापुरती बिगर-ज्यूला कागदोपत्री विकायची मुभा दिली. ती अजून चालते. कर्मठांना मात्र ती मान्य नाही. मागचं सातवं वर्ष २०२१च्या सप्टेंबरात सुरू झालं, तेव्हा भाजीच्या दुकानांत पाट्या लागल्या: हा माल परदेशी, हा अरब शेतकऱ्याचा, हा विकलेल्या जमिनीतला. टोमॅटो घेण्याआधी गिऱ्हाईक पाटी वाचायचं.

उलट, कारण न दिलेल्या आज्ञेची तटबंदी बघावी. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' हे एवढंसं वाक्य तोरात तीनदा येतं. त्यातून दूध आणि मांसाची भांडी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, जमलं तर दोन सिंकही वेगळी, आणि मांस खाल्ल्यावर कित्येक घरांत सहा तास दुधाचा चहा बंद. कोंबडीला दूध नसतं, तरी तिलाही हाच नियम. मूर्तिपूजकांच्या एखाद्या विधीपासून दूर ठेवायला ही आज्ञा असावी, असा मायमोनिदीसचा तर्क होता. १९२९पासून सीरियात उगारित इथे मातीच्या लिखित पाट्या सापडू लागल्या आणि एकीवर करडू दुधात शिजवण्याचा उल्लेख वाचला गेला. तर्क सिद्ध झाला म्हणून विद्वान खूश झाले. पुढे तेच वाचन शंकास्पद ठरलं आणि कारण पुन्हा बेपत्ता झालं. दोन सिंक जागच्या जागी राहिली.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आठवण इथे होतेच. शतकानुशतकं त्यांच्याकडे ना रब्बी, ना तालमूद. त्यांनी मराठी बोली घेतली, गावांवरून आडनावं घेतली. उरल्या त्या मोजक्या आज्ञा: सुंता, खवले असलेलाच मासा आणि शनिवारी घाणा बंद. तेवढ्यावर अलिबागकडच्या गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' असं नाव देऊन टाकलं. ग्रंथ आणि पुरोहित नसतानाही एक समाज शेजाऱ्यांत विरघळला नाही. आज्ञांचं खरं काम हेच असावं, असं मी त्यांच्याकडे बघून म्हणतो. त्यांचे वंशज आज लोद, अश्दोद, दिमोनात राहतात.

इथल्या नास्तिकांचं काय? तेल अवीवमध्ये कोळंबी राजरोस मिळते आणि शाब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बस हवी की नको, हे भांडण कायमचं आहे. पण योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी गाडी चालवायला मनाई करणारा कायदा नसतानाही देशभरातल्या ज्यू वस्त्यांतले रस्ते ओस असतात. मग देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेल्या घरांतली पोरं एरवी तुंबलेल्या अयालोन हमरस्त्यावर सायकली पिटाळतात. त्याआधीच्या आठवड्यात सायकलींच्या दुकानदारांना बोलायला फुरसत नसते.